नाव्ह्याचे आरब

आमच्या हदगावकडे इतिहासाचं नाव काढलं की लोक माहूर नाहीतर नांदेड सांगतात. आपल्याच तालुक्यातलं नाव्हा फारसं कुणी सांगत नाही. भारतीय सैन्यात मात्र ते नाव आजही आहे. कुमाऊं रेजिमेंटच्या जुन्या युद्धसन्मानांत ‘नोवाह’ असा एक सन्मान आहे, तो इथलाच.

गोष्ट १८१९ ची. पेशवाई नुकतीच बुडाली होती. हटकर सरदार नोवसाजी नाईक निजामाला जुमानत नव्हते. त्यांच्या गढीत पाचशेच्या आसपास शिबंदी, बहुतेक अरब. हे अरब हद्रमौतचे, म्हणजे आजच्या येमेनमधले. त्या काळी दख्खनभर पगारावर लढायचे. आदल्याच वर्षी मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी झुंजले तेही अरबच. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी हैदराबादची फौज मेजर पिटमन घेऊन आला. जानेवारीभर वेढा चालला आणि ३१ तारखेला गढी पडली. आतले चारशेंहून जास्त लोक मारले गेले.

चारशे माणसं! एवढ्यांना कुठेतरी मूठमाती दिलीच असणार ना?

मुसलमान कबर मुळात साधी असते. मातीचा उंचवटा, उशाशी एखादा दगड. आपल्या काळ्या रानात ती टिकणार किती? उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते, दगड कलतो, मग कुणीतरी तो बांधाला लावतो. ज्या कबरीचा पीर होतो, तिच्यावर चुना चढतो, उरूस भरतो, ती वाचते. पगारासाठी लढलेल्याचा पीर कोण करणार?

साहेबांच्या कबरींचं तसं नाही. त्यांच्या दफनाच्या नोंदी वह्यांत उतरवून विलायतेला जायच्या. निजामाच्या राज्यातल्या युरोपीय कबरींवरचे लेख क्रॉफ्टन नावाच्या अधिकाऱ्याने गोळा केले, १९४१ साली त्यांचं पुस्तकही निघालं. मला त्याचा राग नाही. परमुलखात मेलेल्या पोराचं नाव कुणीतरी लिहून ठेवावं, हे चांगलंच. पण हद्रमौतलाही कुणाच्या आया होत्याच की.

आता घरातलं. आमच्या वरच्या रानात, बांधाला, सीताफळीखाली दगडांचा एक लांबट ढीग आहे. आजी त्याला ‘आरबाची कबर’ म्हणायची. खळं झालं की पहिली भाकर तिथे. आम्ही पोरं वर चढलो की ओरडायची, “उतर की रे, माणूस निजलंय तिथं!” आजोबा हसायचे, पण वखर वळवताना दोन हात सोडूनच वळवायचे. त्या दोन हातांत दरवर्षी कुंदा माजायचा, आणि त्यावरून घरात दरवर्षी बोलणी व्हायची. असो.

वैशाखात वाटणीची मोजणी आहे. ढीग नेमका दोन हिश्श्यांच्या हद्दीवर येतो, आणि हळदीसाठी रान सपाट करायचं चाललंय. दादा, तू हे वाचतोस म्हणून इथेच लिहितो: मोजणीदाराला सांग, ते दोन हात माझ्या हिश्श्यात धर. जेसीबीवाल्याला सीताफळीच्या अलीकडेच थांबव. मी येतोच आहे, भाकर बांधून आणतो.