उभ्या पावलाचं चित्र

माणसाच्या एका पावलात २६ हाडं. दोन्ही मिळून ५२, म्हणजे अंगातल्या एकूण २०६ हाडांपैकी चौथाई! ही पावलं आपलं काम करतात ती उभ्यानं. पण त्यांच्या आत नीट डोकावायचं म्हटलं, की बराच काळ माणसाला आधी आडवं झोपवावं लागायचं. हा उलटा कारभार का, म्हणून थोडं वाचत गेलो, आणि एक वेगळाच इतिहास हाती लागला.

राँटगेनला क्ष-किरण सापडले १८९५ साली. त्यानंतर पंचवीसएक वर्षांत उभ्या पावलाचं चित्र घराघरातल्या पोरांनी पाहिलं, पण दवाखान्यात नव्हे, चपलाबुटांच्या दुकानात! बॉस्टनच्या डॉ. जेकब लो यांनी १९१९ मधे एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळालं १९२७ मधे. लाकडी कपाट, खाली पाय घालायला खाच, वर बघायला तीन भोकं. एक पोराला, एक आईला, एक दुकानदाराला. नव्या बुटात बोटं कशी वळवळतायत ते हिरवट पडद्यावर दिसायचं. पोरं म्हणे पुन्हा पुन्हा चढायची त्यावर. किरणांचा मारा किती होतो याचा हिशेब ठेवायला कुणी नव्हतं, आणि दिवसभर शेजारी उभा राहणारा विक्रेता तर त्यात आयताच सापडायचा. १९५७ मधे पेनसिल्व्हेनिया राज्यानं त्यावर बंदी घातली, आणि हळूहळू ती कपाटं गेली.

आता खरा प्रश्न. घोट्यात टॅलस नावाचं हाड आहे. वर नडगीचं हाड, खाली टाचेचं, मधे हे. याला एकही स्नायू चिकटलेला नाही, आणि ते आत असं दडलेलं, की कातडीवर खुणा चिकटवून त्याची हालचाल मोजता येत नाही. उभं करून साधा एक्स-रे काढता येतो, पण त्यात हाडं एकमेकांवर चढलेली दिसतात. १९७१ मधे हाउन्सफिल्डच्या सीटी स्कॅननं लंडनमधे पहिला रुग्ण तपासला. आडवे-उभे छेद दिसू लागले, पण रुग्ण झोपलेला. अंगाचा भार नसला की कमान वेगळी दिसते, सांध्यातली फटही वेगळी. भार पडला की जे दुखतं, तेच नेमकं चित्रात येत नाही.

वाट काढली स्वीडनमधे. १९८९ मधे आर्ने लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी आठ धडधाकट माणसांच्या पायाच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवले, आणि त्यांना उभं करून दोन बाजूंनी क्ष-किरणांची चित्रं घेतली. मण्यांच्या जागा मोजल्या की हाड किती फिरलं ते कळतं. घोटा दाराच्या बिजागरीसारखा एकाच अक्षावर फिरत नाही, पाय वर-खाली होताना अक्षही बदलतो, असं त्यातून दिसलं. पण विचार करा, काहीही दुखत नसताना त्या आठ जणांनी हाडांत धातू घालून घेतला!

पुढे मणी लागेनासे झाले. युटा विद्यापीठातल्या मंडळींनी दोन क्ष-किरण कॅमेऱ्यांसमोर माणसाला चालवलं आणि ती चित्रं त्याच्याच हाडांच्या सीटी नमुन्याशी जुळवली. शिवाय दातांच्या दवाखान्यात रुळलेलं शंकूसारख्या किरणांचं सीटी तंत्र २०१२ च्या सुमारास पावलांसाठी आलं. रुग्ण यंत्रात दोन्ही पायांवर उभा राहतो आणि मिनिटाभरात काम होतं.

म्हणजे पवित्रा तोच, बुटाच्या दुकानातल्या पोराचा. पण त्या पोराला काही कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याच्या पायाला काही झालेलंही नव्हतं. स्वीडनच्या आठ जणांनी समजून-उमजून पाय पुढे केला. आज यंत्रात उभं राहणाऱ्याचं दुखणं त्याचं स्वतःचं असतं. मला हा फरक यंत्रांच्या सुधारणेपेक्षा मोठा वाटतो.

असो. घोटा महिनोन् महिने कुरकुरत असेल आणि फोटो काढायला सांगितलं, तर ‘उभं राहून काढायचा का?’ एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. हाड मोडलं असेल तर मात्र गुपचूप आडवं व्हा!