खडीचा रस्ता डांबरी होतोय? डांबर पडायच्या आधीच हे बघून घ्या

सोलापूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या रस्त्यांवर पहिली खडी पडली ती १९७२ च्या दुष्काळात. कामावर आलेल्या बाया-माणसांनी फोडलेली ती खडी. त्यातल्या काही रस्त्यांवर पुढे डांबर आलं, काही अजून खडी-मुरुमाचेच आहेत. अशा रस्त्याला मंजुरी मिळाली की गावात आनंद होतो. पण दोन पावसाळ्यांत तो उखडला, तर पुन्हा नंबर लागायला वर्षं जातात. तोवर शाळेची पोरं, दुधाच्या गाड्या, बाळंतपणाला निघालेली बाई, सगळ्यांनी खड्ड्यांतूनच जायचं.

वजन डांबर पेलत नाही

गावाकडच्या रस्त्यावर डांबराचं कारपेट साधारण २० मिलिमीटरचं, म्हणजे दोन सेंटिमीटर. पंढरपूर, माढा, माळशिरस भागात उसाच्या ट्रॉल्यांचं वजन पेलतो तो खालचा खडीचा थर. त्यात मंगळवेढ्यासारख्या भागातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून काळ्या रानातून जाणाऱ्या रस्त्याला आधी चांगल्या मुरमाचा भराव आणि त्याची नीट दबाई लागते.

खडीकरण चालू असताना काय बघायचं?

- मोठी खडी खाली, बारीक वर. प्रत्येक थर दबाईनंतर साधारण ७५ मिलिमीटर भरला पाहिजे.
- खडी आधी कोरडी दाबायची. मग बारीक खडी आणि मुरूम टाकून, पाणी मारून पुन्हा रोलर फिरवायचा. पाण्याचा टँकरच दिसत नसेल तर विचारा.
- डांबराआधी धूळ झाडून काढलेली हवी. धुळीवर डांबर चिकटत नाही.
- ओल्या रस्त्यावर किंवा पाऊस चालू असताना डांबर टाकू देऊ नका.

पाण्याला वाट

रस्ता मधे उंच, कडेला उतरता हवा. साईडपट्ट्या मुरुमाच्या, पण डांबरापेक्षा वर नकोत, नाहीतर पाणी रस्त्यावरच तुंबतं. मोऱ्या मोकळ्या आणि बाजूचे चर खुले हवेत. रानात जायला चर बुजवून वाट करतो, तिथे आपणही पाईप टाकला पाहिजे. पाणी अडलं की खडीचा थर खालून सुटतो.

रस्ता कोणाचा, दाद कुठे?

ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ ला. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री योजनेच्या चौथ्या टप्प्यात, २०११ च्या जनगणनेनुसार सपाट भागातल्या ५०० हून जास्त लोकवस्तीच्या, अजून रस्ता नसलेल्या वाड्या-वस्त्या धरल्या आहेत. वस्तीचं नाव यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

प्रधानमंत्री योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. म्हणून काम कोणत्या तारखेला पूर्ण झालं, ते फलकावरून टिपून ठेवा. खड्डा पडला तर कितव्या किलोमीटरला, हे लिहून फोटोसह अर्ज द्या. या योजनेच्या रस्त्यांसाठी ‘मेरी सडक’ ॲपवरूनही तक्रार करता येते. कार्यालयात अर्ज दिला तर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.