हुंडणावळीचा कौल व खानदेशचा कापूस

खानदेशच्या इतिहासाची साधने आम्ही बहुधा दप्तरांत, ताम्रपटांत व सनदांत शोधतो. परंतु या प्रांताच्या अर्वाचीन संसारास ज्याची झळ पोचली, असा एक निर्णय मार्च 1927 मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत केवळ तीन मतांनी झाला. त्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रश्न हुंडणावळीचा होता. रुपयाचा दर 18 पेन्स असावा अशी शिफारस हिल्टन यंग कमिशनने 1926 मध्ये केली. त्याच कमिशनचे सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतदर्शक टिपण जोडून 16 पेन्सांचा पक्ष घेतला. वरवर पाहता हा वाद पेढीवाल्यांचा. वस्तुतः तो जळगाव-धुळ्याकडील कापूस पिकविणाऱ्याचाही होता. 16 पेन्सांच्या दराने एका पौंडाचे 15 रुपये होत, 18 च्या दराने 13 रुपये 5 आणे 4 पै. परदेशी जाणाऱ्या मालाचे मोल रुपयांत त्या मानाने उतरणार, सरकारी सारा व सावकाराचे देणे मात्र पूर्वी ठरल्याइतकेच राहणार. 18 पेन्सांचा दर आधीच चालू असून भाव त्याला जुळले आहेत, असे सरकारपक्षाचे उत्तर होते. ते सर्वस्वी निराधार नव्हते. पण जुनी खाती काही भावांबरोबर जुळत नसतात.

मते पडली ती 68 विरुद्ध 65. आता सभागृहाची रचना पाहा. एकूण सभासद 145. त्यांपैकी सरकारनियुक्त 41 व युरोपीय मतदारसंघांचे 9. हे पन्नासही जण हजर राहून सरकारकडे गेले असे धरले, तरी 68 ची भरती होण्यास किमान 18 लोकनियुक्त हिंदी सभासद लागतात. त्यांतील दोघांनी बाजू बदलली असती तर निकाल उलटला असता.

या थोडक्यांच्या अंगी एवढे बळ कोठून आले? ते त्यांच्या संख्येत नव्हते. सरकारी अधिकाऱ्यास सरकारविरुद्ध मत देण्याची मोकळीक नव्हती, स्वराज्य पक्षाचा सभासद पक्षशिस्तीने बांधलेला होता. दोन्ही पारडी आधीच भरलेली असल्यामुळे मधल्या मूठभर धान्याने काटा हलला.

हे बळ नेहमी एकाच बाजूस पडले असेही नाही. त्याच असेंब्लीत सप्टेंबर 1928 मध्ये सार्वजनिक सुरक्षितता बिलावर मते समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांच्या निर्णायक मताने बिल फेटाळले गेले. म्हणून नेमस्त वा तटस्थ सभासदांस सरसकट दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. मात्र ज्याच्या एका मताचे मोल सर्वांत अधिक, त्याची जबाबदारीही सर्वांत अधिक, हे विसरता येत नाही.

असेंब्लीची मतयादी छापलेली असते. तिचा परिणाम मात्र खानदेशातील सावकारांच्या खतावण्यांत व अडत्यांच्या चोपड्यांत विखुरलेला आहे. ही दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचली, तरच त्या तीन मतांची खरी किंमत कळेल. अशा खतावण्या ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.