स्क्रीनवर निळा, बॅनरवर जांभळा. मॉनिटर आणि प्रिंटरचे रंग जुळवायचे कसे?

धाराशिव : शिवजयंती, भीमजयंती, लग्नसराई आली की तुळजापूर, उमरग्यापासून भूम-परंड्यापर्यंत फ्लेक्सच्या दुकानांत गर्दी होते. गिऱ्हाईक स्क्रीनवर डिझाईन बघून होकार देतं आणि बॅनर हातात पडल्यावर म्हणतं, 'हा रंग तो नव्हे.' पुन्हा छापायचं तर फ्लेक्स, शाई आणि वेळ दुकानदाराच्याच अंगावर. अशा वेळी शिव्या प्रिंटरला बसतात, पण बऱ्याचदा घोळ मॉनिटरचा असतो.

फरक का पडतो?

मॉनिटर लाल, हिरवा, निळा (आरजीबी) प्रकाश मिसळून रंग दाखवतो. प्रिंटर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी (सीएमवायके) शाई वापरतो. त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत भगवा कागदावर मळकट होतो आणि गडद निळा जांभळट पडतो. निळ्यासाठी साधा उपाय म्हणजे सायनपेक्षा मॅजेंटा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवणे.

आधी मॉनिटर

- मॉनिटर सुरू करून अर्धा तास होऊ द्यावा. नाईट लाईट बंद ठेवावी.
- ब्राईटनेस कमी करावा. फोटो काळपट छापून येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडून शेजारी उजेडात पांढरा कागद धरावा. दोन्ही सारखेच उजळ दिसले पाहिजेत. यंत्राने मोजल्यास हे ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर असावं.
- कलर टेम्परेचर ६५०० केल्विन आणि गॅमा २.२ ठेवावा.
- विंडोजमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' हे मोफत साधन आहे. मात्र त्यात अंदाज डोळ्याचाच. नेमकं काम हवं तर स्क्रीनवर ठेवायचं कॅलिब्रेटर यंत्र लागतं. महिन्यातून एकदा तपासणी करावी.
- स्क्रीनवर खिडकीचं ऊन येऊ देऊ नये. मागची भिंत हिरवी-गुलाबी असली तरी डोळा फसतो.

मग प्रोफाईल

प्रत्येक प्रिंटर, शाई आणि कागदाची रंगाची एक फाईल असते, तिला आयसीसी प्रोफाईल म्हणतात. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं, त्यांचं हे मानक. फ्लेक्सचं प्रोफाईल वेगळं, फोटोपेपरचं वेगळं. फोटोशॉपमध्ये हे प्रोफाईल निवडून 'प्रूफ कलर्स' (कंट्रोल + वाय) सुरू केलं की छपाई कशी येईल ते आधीच स्क्रीनवर दिसतं. कोरलड्रॉमध्येही कलर प्रूफची सोय आहे.

ही चूक टाळा

एक प्रिंट बिघडली म्हणून मॉनिटरचे रंग तिच्याप्रमाणे फिरवू नयेत. प्रिंटरचं नोझल बंद असेल तर चांगला मॉनिटरही बिघडून बसतो. आधी नोझल चेक करावा.

मोबाईलवर पाठवलेल्या डिझाईनवरून रंग पक्का धरू नये, कारण प्रत्येक मोबाईलचा स्क्रीन वेगळा. मोठ्या ऑर्डरला फूटभर तुकडा त्याच फ्लेक्सवर छापून गिऱ्हाईकाला दाखवावा आणि त्यावर सही घ्यावी. फूटभर फ्लेक्स गेलेला परवडतो, पन्नास बॅनर परत आलेले परवडत नाहीत.