विनोद संपल्यावर

खारघरच्या सेंट्रल पार्कात सकाळी हात वर करून 'हो हो, हा हा हा' करणारे काका-मावश्या मला चक्रम वाटायचे. बाबा गेल्यावर आई त्यांच्यात जायला लागली, तेव्हा तर लाजच वाटली.

मग इतिहास वाचला. १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत डॉ. मदन कटारियांनी जेमतेम पाच जणांवर हास्यक्लब सुरू केला. रोज विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, उरले ते चावट नाहीतर टोचणारे. (आपले फॅमिली ग्रुप आठवा.) माणसं वैतागली. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकला. उगाच हसायचं, समोरच्याचा चेहरा बघता बघता ते खरं होतं.

परवा आई गेली नाही. साडेसातला दारात चौघीजणी उभ्या.