तात्पुरतं म्हणजे किती दिवस?

थोड्या वेळापुरतं जे असतं, त्याला आपल्या भाषेत नावं किती आहेत बघा. थांबत नाही ते अळवावरचं पाणी. लग्नापुरता उभा राहतो तो मांडव. फार दिवस टिकणार नाही अशी सत्ता म्हणजे औट घटकेचं राज्य. औट म्हणजे साडेतीन आणि घटका म्हणजे 24 मिनिटं. म्हणजे हे राज्य मोजून 84 मिनिटांचं! जुन्या माणसांनी थोडा वेळसुद्धा मापात धरला होता.

पण काही शब्द नाव सांगतात थोड्या दिवसांचं आणि चिकटून बसतात आयुष्यभर. हंगामी, बदली, मानधन. आज या तीन शब्दांची गोष्ट सांगते, कारण ते आपल्या बायकांच्या कामाला फार लागलेत.

पहिला शब्द हंगामी. हंगाम हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ वेळ, मोसम. आपण ज्वारीचा हंगाम म्हणतो, आंब्याचा म्हणतो. मग साखर कारखाने आले. 1950 च्या सुमाराला प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, त्याच्या मागोमाग कितीतरी निघाले आणि ‘गळीत हंगाम’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. कारखान्यात कामगारांच्या दोन जाती झाल्या, एक कायम आणि एक हंगामी. हा नुसता नावाचा फरक नव्हता. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात कायम कामगाराला वर्षामागे 15 दिवसांचा पगार धरला, आणि हंगामी कारखान्यात फक्त हंगामापुरतं काम करणाऱ्याला हंगामामागे 7 दिवसांचा. एका शब्दाची किंमत आठ दिवसांची मजुरी!

आणि ऊस तोडणारी बाई? ती तर मुकादमाच्या टोळीतून आलेली, कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं नावच नसतं. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मजूर दोन, मोजणीत एक. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात. पाचटाची कोपी दर हंगामाला नवी उभी राहते आणि मोडते. कोपी खरोखर तात्पुरती असते. पण वीस-वीस हंगाम उसाच्या फडात काढलेल्या बाईला तात्पुरती कसं म्हणायचं?

दुसरा शब्द बदली. हा अरबीतून आला, अर्थ एकाच्या जागी दुसरं. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगार आला नाही, तर त्याच्या साच्यावर उभा राहणारा तो बदली. सकाळी गिरणीच्या दारात यायचं, काम मिळालं तर ठीक, नाहीतर डबा तसाच घेऊन परत. कुणाला आत घ्यायचं हे जॉबरच्या हाती असायचं. बायकांच्या खात्यात, वाइंडिंगला, रीळिंगला, नायकिणीच्या हाती. तिला खूश ठेवावं लागे. 1935 मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्ड द्यायची पद्धत सुरू केली, म्हणजे कामावर कुणाला घ्यायचं ही जॉबरची मनमानी कमी व्हावी. पण कार्ड मिळालं म्हणून रोज काम मिळेल असं नव्हतं. वर्षानुवर्षं कितीतरी माणसं ‘बदली’च राहिली. दुसऱ्याच्या जागेवर उभं राहता राहता त्यांची स्वतःची जागा झालीच नाही.

तिसरा शब्द माझ्या घरातला आहे, मानधन. ऐकायला किती गोड! मान पण आणि धन पण. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, गावोगाव अंगणवाड्या आल्या. अंगणवाडीच्या ताईंना म्हटलं, तुम्ही मानसेवी, तुम्हाला पगार नाही, मानधन. माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती. चूल पेटवायची, खिचडी शिजवायची, लहान लेकरांना घरून उचलून आणायची. शेजारीण विचारायची, “पगार झाला का गं?” आई म्हणायची, “पगार नाही बाई, मानधन.” मला लहानपणी वाटायचं, मानधन म्हणजे पगारापेक्षा काहीतरी मोठं असणार. ती घरी बसली त्या दिवशी हातात श्रीफळ आणि साडी आली, तेव्हा कळलं की त्या शब्दात मान पुढे होता आणि धन फार मागे होतं.

पण शब्दाचा अर्थ बदलता येतो, मैत्रिणींनो. गुजरातमधल्या अंगणवाडीच्या बायका ग्रॅच्युइटीसाठी कोर्टात गेल्या. 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे. नाव मानधन असलं तरी कायद्याच्या दृष्टीनं ते वेतनच आहे. म्हणजे शब्द तोच राहिला, पण त्याच्या आडून हक्क नाकारायची सोय गेली.

म्हणून आज एक काम सांगते. घरी एक वही करा. कामाला कधी लागलात ती तारीख लिहा. किती हंगाम केले, कुठल्या कारखान्याला, कुठल्या मुकादमाकडे, उचल किती, ते लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला, नातीला सांगा. नेमणुकीचा कागद, हजेरीचं कार्ड, बँकेचं पासबुक जपून ठेवा. हक्क मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, किती वर्षं काम केलं? त्याचं उत्तर आपल्याजवळ हवं.

आपल्या पूर्वजांनी औट घटका मोजली होती. आपण आपली वर्षं मोजूया. आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “ताई, हे काम तात्पुरतं आहे,” तर शांतपणे विचारा, “तात्पुरतं म्हणजे किती दिवस? तेवढं लिहून द्या.”