सयामांतील परका जांवई

परमुलखांत राहणाऱ्या मनुष्यास 'तूं येथें कोणत्या नात्यानें राहतोस?' असा प्रश्न तेथील राजसत्ता केव्हां ना केव्हां विचारतेच. या प्रश्नाचें कोणतें उत्तर कोणत्या काळीं ग्राह्य धरलें गेलें, हें पाहिलें असतां त्या देशाच्या इतिहासाचा एक बारीक पण अर्थपूर्ण धागा हातीं लागतो. सयाम, म्हणजे आजचा थायलंड, या देशांत अनेक परदेशी पुरुष थाई स्त्रीशीं विवाह करून स्थायिक झालेले आहेत. आणि त्यांपैकीं कित्येकजण पन्नाशी उलटल्यावर सरकारदरबारीं आपल्या वास्तव्याचें कारण बदलून घेतात. काल 'पति' म्हणून राहणारा गृहस्थ आज 'निवृत्त' म्हणून राहूं लागतो. घर तेंच, पत्नी तीच. बदलतें तें केवळ कागदावरील कारण. परंतु हा बदल दिसतो तितका कारकुनी नाहीं.

सतराव्या शतकांत सयामची राजधानी अयुध्या ही होती. हें नांव आपल्या अयोध्येवरूनच पडलेलें आहे. तेथें डच कंपनीची वखार होती. परका व्यापारी एखाद्या स्थानिक स्त्रीबरोबर संसार मांडी, आणि बहुधा तिच्याच ओळखीनें त्यास बाजाराची व दरबाराची वाट सांपडे. ओसोत पेगुआ नांवाची मॉन जातीची एक व्यापारी स्त्री या बाबतींत प्रसिद्ध आहे. वखारीचा प्रमुख येरेमियास फान फ्लीट याच्यापासून तिला मुली झाल्या. तो सयाम सोडून निघाला तेव्हां मुलींस बटाव्हियास नेण्याची त्याची फार इच्छा होती. पण त्या आईजवळच राहिल्या, आणि १६५८ मध्यें ओसोत वारल्यानंतरच त्यांस देशाबाहेर जातां आलें. दरबाराच्या दृष्टीनें परका पुरुष हा येणारा-जाणारा होता. घर होतें तें स्त्रीचें. त्याचें जें काय स्थान होतें, तें तिच्यामुळें होतें.

एकोणिसाव्या शतकांत हा न्याय पालटला. १८५५ मध्यें हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग यानें सयामशीं जो तह केला, त्यानें ब्रिटिश प्रजाजनांस बँकॉकांत कायम राहण्याचा हक्क मिळाला आणि त्यांचे खटले सयामी न्यायाधीशापुढें न चालतां कॉन्सलापुढें चालूं लागले. आतां परक्यानें सासुरवाडीचें नांव सांगण्याची गरज उरली नाहीं. निशाणाचें नांव सांगितलें म्हणजे पुरे. ब्रिटिश प्रजाजन म्हणून तेथें गेलेल्या हिंदी व्यापाऱ्यांसही या छत्राची सावली मिळाली. पण ज्या देशांत पाहुणाच आपला न्यायाधीश बरोबर घेऊन येतो, त्या देशाच्या स्वाभिमानास तें शल्य डांचल्याशिवाय कसें राहील? १९०९ च्या तहांत केदा, केलांतन, त्रेंगानू आणि पर्लिस या चार मलायी संस्थानांवरील हक्क इंग्रजांस देऊन सयामनें या अधिकाराचा मोठा भाग परत मिळविला. पुढें १९२७ मध्यें परकीयांच्या प्रवेशाविषयीं पहिला कायदा झाला, आणि १९७९ चा कायदा आजही चालूं आहे. निशाणाची जागा परवान्यानें घेतली.

या परवान्याच्या युगांत विवाहाचें नातें पुन्हां पुढें आलें खरें, पण त्याच्या शेजारीं पैसा येऊन बसला. २०१४ च्या पोलीस खात्याच्या आदेशाप्रमाणें थाई स्त्रीच्या परदेशी पतीनें वर्षभराची मुदतवाढ मागतांना बँकेंत चार लाख बाट किंवा दरमहा चाळीस हजारांचें उत्पन्न दाखवावें लागतें. थाई पुरुषाच्या परदेशी पत्नीस त्या आदेशांत ही अट घातलेली नाहीं! पोशिंदा पुरुषच असावयाचा, ही जुनी समजूत येथें कायद्याच्या भाषेंत बोलते. निवृत्तासाठीं वय पन्नास पूर्ण व बँकेंत आठ लाख, अथवा दरमहा पासष्ट हजार, अथवा दोहों मिळून वर्षाचे आठ लाख अशी अट आहे. १९९८ च्या ऑक्टोबरपूर्वीं देशांत येऊन सतत निवृत्त म्हणून राहिलेल्या साठीच्या वृद्धांस मात्र दोन लाखांवर भागतें. यावरून दर किती चढला हें कळतें. २०१९ पासून तर आठ लाखांची रक्कम अर्जापूर्वीं दोन महिने व मंजुरीनंतर तीन महिने जशीच्या तशी ठेवावी लागते, आणि उरलेल्या वर्षांत ती चार लाखांखालीं जातां कामा नये. त्याच सुमारास ब्रिटिश, अमेरिकन व ऑस्ट्रेलियन वकिलातींनीं आपल्या नागरिकांस उत्पन्नाचे दाखले देणें बंद केलें. त्यामुळें पासबुकाचें महत्त्व अधिकच वाढलें.

दोन वाटांतील चार लाखांचें अंतर म्हणजे पत्नीच्या नात्याची सरकारनें केलेली किंमतच नव्हे काय? मग दुप्पट रक्कम अडकवून लोक दुसऱ्या वाटेस कां वळतात? कारण पहिल्या वाटेवर दरवर्षीं संसाराचा पुरावा द्यावा लागतो: विवाहनोंदीचा ताजा दाखला, घरांतील दोघांचीं छायाचित्रें, घराचा नकाशा, पत्नीची हजेरी, आणि निकालासाठीं बहुधा महिनाभर प्रतीक्षा. निवृत्तास यांतलें कांहीं लागत नाहीं. वर्ष संपत आलें कीं देशाबाहेर न जातां नव्या कारणाचा अर्ज करावा, १,९०० बाट फी भरावी, आणि कागद चोख असल्यास काम पुष्कळदां त्याच दिवशीं होतें. नोकरी करण्याची मुभा मात्र जाते; पति म्हणून राहणाऱ्यास ती मिळूं शकते.

पण खरें कारण याहून खोल आहे. विवाहाचा आधार पत्नीच्या श्वासावर टांगलेला असतो. ती वारली, किंवा घटस्फोट झाला, कीं तो आधार तुटतो. थाई नागरिक असलेलें लहान मूल पदरीं असेल तर गोष्ट वेगळी. वीस वर्षें ज्या गांवीं काढलीं तेथेंच राहण्यासाठीं विधुरास नवें कारण शोधावें लागतें. जमीन तर परकीयाच्या नांवें सहसा होतच नाहीं. म्हणून शहाणा मनुष्य पत्नी धडधाकट असतांनाच आपला पाया बदलून ठेवतो. आपल्याकडे गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थाश्रम सांगितला आहे. येथें वानप्रस्थ घ्यावयाचा तो संसार सोडण्यासाठीं नव्हे, तर संसाराची जागा सुटूं नये म्हणून!

या सुरक्षिततेचें मोलही द्यावें लागतें. पति म्हणून राहणाऱ्यास कायमच्या वास्तव्याचा, आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर सवलतीनें नागरिकत्वाचाही, मार्ग मोकळा असतो. 'निवृत्त' या कारणास तसा मार्ग जोडलेला नाहीं. तो दरवर्षीं सुरक्षित, पण जन्मभर पाहुणा.

या बदलास कोणी स्वार्थीपणा म्हणेल. आम्ही तसें म्हणणार नाहीं. दोष ज्या नियमांत आहे, त्याचें खापर त्या नियमाखालीं राहणाऱ्याच्या माथीं फोडणें अन्यायाचें होय. ओसोतच्या काळीं परक्याची ओळख त्याच्या घरांतील स्त्रीवरून होत असे, बाउरिंगच्या काळीं निशाणावरून, आणि आज पासबुकावरून होते. मनुष्यानें त्या भूमींत प्रत्यक्ष किती वर्षें सुखदुःखांत घालविलीं, ही गोष्ट या तिन्ही मापांत बसत नाहीं. जीवंत पत्नीच्या नात्यास चार लाखांची सूट देणाऱ्या राज्यानें मृत पत्नीबरोबर घालविलेल्या वर्षांसही थोडी किंमत द्यावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे. तसें झालें, तर पुष्कळ जांवयांस आपलें जांवईपण कागदावरून पुसून टाकण्याची गरजच पडणार नाहीं.